तीन पट्ट्यांच्या घोडमाश्या: ओळख कपाळावरून करायची

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. रत्नागिरी जिल्ह्यातल्या तुमच्या गोठ्यात जुलैअखेर दोन घोडमाश्या मिळाल्या, एक 14 मिलिमीटरची आणि दुसरी 18ची. दोघींच्या पोटावर लांबीत तीन फिकट पट्टे आहेत. मोबाइलमधल्या ॲपने लहान माशीच्या एका फोटोला ‘टॅबॅनस स्ट्रायॅटस’ म्हटलं आणि तिच्याच दुसऱ्या फोटोला ‘टॅबॅनस रुबिडस’. पट्ट्यांच्या रुंदीवरून या दोन जाती कशा ओळखायच्या, आणि सर्रा हा जनावरांच्या रक्तातल्या परजीवीचा रोग यातली कोणती माशी पसरवते, हे तुम्हाला हवंय.

जनावरांचं आधी बोलू, कारण ते थांबणारं नाही. सर्रा ज्या परजीवीमुळे होतो, तो ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय, ग्रिफिथ इव्हान्स यांनी 1880 साली आजच्या पाकिस्तानातल्या डेरा इस्माइल खान भागातल्या घोड्यांच्या आणि उंटांच्या रक्तात पहिल्यांदा पाहिला. हा परजीवी घोडमाशीच्या पोटात वाढत नाही. माशी एका जनावराला चावते, चावा दुखतो म्हणून जनावर शेपटी मारून तिला उडवतं, आणि सोंडेला लागलेलं ओलं रक्त घेऊन ती काही मिनिटांत दुसऱ्यावर बसते. एवढ्यावर काम होतं. त्यामुळे रोग एकाच जातीला बांधलेला नाही. अर्धवट रक्त पिऊन उडालेली कुठलीही घोडमाशी तो नेऊ शकते. थांबून थांबून ताप येणारं, खंगत चाललेलं, गोल गोल फिरणारं जनावर दिसलं, तर माशीचं नाव कळायची वाट बघू नका. पशुवैद्यकाला बोलवा, रक्त तपासून घ्या, आणि ते जनावर बाकीच्यांपासून 50 मीटर तरी दूर बांधा. उडवलेली माशी बहुतेक वेळा त्याच किंवा अगदी शेजारच्या जनावरावर परत बसते, म्हणून या अंतराचा खरोखर उपयोग होतो. जुन्या आजारात रक्तात परजीवी फार थोडे असतात. एका काचपट्टीत काही दिसलं नाही म्हणून जनावर सुटलं असं धरू नका.

आता माश्यांकडे वळू. तुम्ही विचारलंय पट्ट्यांबद्दल, पण खरी अडचण पट्टे हाच पुरावा मानण्यात आहे. पोटावर तीन फिकट पट्टे ही टॅबॅनस प्रजातीत (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट) कितीतरी जातींची समाईक खूण आहे. जगात घोडमाश्यांच्या साडेचार हजारांच्या आसपास जाती नोंदल्या आहेत, भारतातच दोनशेहून जास्त. पट्ट्यांवरून गट कळतो, जात कळत नाही. ॲपची गफलत इथेच होते. पाठीचा फोटो पाहून ते फिकट आणि गडद भागांचा नमुना जुळवतं, आणि प्रकाश बदलला की नमुना बदलतो.

पट्टे का फसवतात हे एकदा नीट समजलं की पुढचं सोपं जातं. तो फिकट रंग तीन थरांतून तयार होतो: खालच्या कवचाचा रंग, त्यावर राखेसारखी बारीक भुकटी, आणि त्यावर आडवी पडलेली फिकट लव. लव झिजते. जाळ्यात फडफडलेली किंवा सापळ्यात दहा जणींबरोबर रात्रभर राहिलेली माशी जवळजवळ बोडकी होते, आणि तिचा मधला पट्टा निम्मा अरुंद दिसतो. भुकटी ओली झाली की दिसेनाशी होते, वाळली की परत दिसते. पोट रक्ताने तट्ट फुगलेलं असेल तर खंडांमधलं पातळ कातडं बाहेर येतं आणि पट्टा तुटक वाटतो. नुकतीच कोषातून निघालेली माशी तर सगळीच फिकट, पिवळसर असते. म्हणून मधल्या पट्ट्याबद्दल मी फक्त एवढंच विचारतो: कवचाच्या रंगात तो कडेने सलग आणि सरळ जातोय, की प्रत्येक खंडावर वेगळा त्रिकोण असून ते एकावर एक रचल्यामुळे पट्ट्यासारखा भास होतोय? हा फरक लव झिजल्यावरही टिकतो. स्ट्रायॅटसच्या गोतावळ्यात पट्टा सलग असतो. रुंदी मात्र मोजायच्या फंदात पडू नका.

लांबीचंही तसंच आहे. अळी चिखलात महिनोन्‌महिने वाढते, आणि तिला खायला किती मिळालं यावर माशीचं आकारमान ठरतं. शिवाय वाळताना पोटाचे खंड एकात एक सरकतात, त्यामुळे ताज्या आणि वाळलेल्या माशीची लांबी सारखी येत नाही. मोजायचंच असेल तर पंखाची लांबी घ्या किंवा डोक्याची रुंदी. ती वाळल्यावरही बदलत नाही. रुबिडस सर्वसाधारणपणे स्ट्रायॅटसपेक्षा मोठी असते हे खरं, पण 14 आणि 18 या आकड्यांवरून निकाल देता येत नाही.

जातीकडे जाण्याआधी ती टॅबॅनसच आहे ना, हे नक्की करावं लागतं. गावोगाव घोडमाशी, गोमाशी, डांस अशी नावं चालतात आणि त्यांच्याखाली बऱ्याच वेगवेगळ्या माश्या येतात. जनावराच्या मांडीला चिकटून खेकड्यासारखी आडवी पळणारी चपटी बगई वेगळी. घरमाशीएवढी, पायांना चावणारी गोठ्यातली माशी वेगळी. घोडमाशीची खूण पंखाच्या टोकाशी आहे: तिथे एक शीर दुभंगते आणि तिच्या दोन फांद्या पंखाच्या टोकाला दोन्ही बाजूंनी कवेत घेतात. पायाच्या नख्यांखाली दोनऐवजी तीन गाद्या असतात. या दोन खुणा मिळाल्या की कुळाची शंका उरत नाही.

कुळाच्या आतल्या प्रजातींत क्रायसॉप्स ओळखणं सर्वात सोपं. पंखांवर गडद आडवे पट्टे, हिरव्या-सोनेरी डोळ्यांवर ठिपके, लांब शृंगिका (डोक्यावरच्या मिशा), डोक्याच्या माथ्यावर तीन साधे डोळे आणि मागच्या नडगीच्या टोकाला दोन काटे. काटे बघायला 10 पटींचं भिंग पुरतं. टॅबॅनस आणि हेमॅटोपोटा या दोघींना ते काटे नसतात. हेमॅटोपोटा बसते तेव्हा पंख घराच्या छपरासारखे उतरते ठेवते. पंख राखाडी असून त्यांवर पांढरट वेलबुट्टी असते, डोळ्यांवर नागमोडी पट्टे असतात, आणि ती आवाज न करता येते. शृंगिकेच्या टोकाशी तिला तीन कडी असतात, टॅबॅनसला चार. अ‍ॅटिलोटस ही टॅबॅनसची जवळची, जास्त फसवणारी. ती फिकट पिवळसर असते, जिवंतपणी डोळे हिरवट-पिवळट आणि त्यावर एखादीच बारीक रेघ, कपाळावरचे गुळगुळीत डाग अगदी लहान आणि एकमेकांपासून सुटे. हिमालयात हायबोमिट्रा भेटते. तिच्या डोळ्यांवर लव असते आणि माथ्यावर साध्या डोळ्यांचा उंचवटा. तुमच्या दोन्ही माश्यांच्या फोटोंत पंख स्वच्छ आहेत, मागच्या नडगीला काटे दिसत नाहीत आणि अंगलट टॅबॅनसची आहे. प्रजातीपुरती माझी खात्री आहे.

इथून पुढे मी माशीला पाठीकडून बघत नाही, समोरून बघतो.

दोन डोळ्यांच्या मधून माथ्यापर्यंत जाणारी जी अरुंद पट्टी असते, तिला आपण कपाळपट्टी म्हणू. ती फक्त मादीला असते. नराचे डोळे एकमेकांना चिकटलेले असतात, तिथे पट्टीच नसते. म्हणून पहिला प्रश्न नर की मादी. जनावरावर रक्त पिताना मिळाली ती मादीच, नर चावत नाही. पण दिव्यावर किंवा फुलावर मिळालेली माशी नर असू शकते, आणि मादीसाठी लिहिलेली ओळख-किल्ली (पायरीपायरीने खुणा विचारत जातीपर्यंत नेणारी प्रश्नावली) नराला लावली की पहिल्याच पायरीला वाट चुकते.

कपाळपट्टीत चार गोष्टी पाहायच्या. ती किती उंच आणि किती रुंद. तिच्या कडा समांतर आहेत की वर जाताना फाकतात किंवा खाली येताना मिटतात. तिच्या तळाशी जो चकचकीत, भुकटी नसलेला डाग असतो त्याचा आकार: चौकोनी, उभट, की फुगीर, आणि तो डोळ्यांच्या कडांना टेकतो की मध्ये बारीक फट राहते. चौथी गोष्ट म्हणजे त्या डागातून वर निघणारी रेघ: ती जोडलेली आहे, सुटी आहे, की मध्येच भाल्याच्या पात्यासारखी रुंदावते. ही सगळी कवचाची घडण असल्यामुळे लव झिजली, पोट फुगलं, पंख फाटले तरी बदलत नाही. जवळच्या जाती वेगळ्या करताना जाणकार इथेच आधी का बघतात, त्याचं कारण हे.

उंचीला तळाच्या रुंदीने भागलं की जो आकडा येतो तो कपाळाचा निर्देशांक. कपाळ 1.2 मिलिमीटर उंच आणि तळाशी 0.2 रुंद असेल तर निर्देशांक 6. हे गुणोत्तर असल्यामुळे सूक्ष्मदर्शकातली मोजपट्टी नसली तरी चालतं. सरळ समोरून काढलेल्या फोटोत पिक्सेल मोजा: 480 भागिले 80, उत्तर तेच. पण यात चूक किती सहज होते तेही बघा. रुंदी मोजताना कडेची डोळ्याची चमक पकडून 80च्या जागी 88 घेतलेत, तर 6चे साडेपाचही उरत नाहीत, 5.45 होतात. डोकं 30 अंश मागे कललेलं असेल तर उंची आखूड दिसते आणि तोच निर्देशांक 5.2 येतो. जवळच्या दोन जातींतला फरक अनेकदा एवढ्यातच असतो. म्हणजे माशी एकच आणि फोटोच्या कोनावरून जाती दोन. ॲपच्या चुकीला हसावं अशी आपली परिस्थिती नसते.

कोन बरोबर आहे की नाही हे तपासायची एक साधी रीत आहे. भिंग किंवा कॅमेरा अशा जागी आणा की तळाच्या डागाची खालची कड आणि माथ्याची कड एकाच वेळी स्पष्ट दिसेल. दोन्ही एकदम स्पष्ट दिसल्या तर कपाळपट्टी तुमच्या नजरेला काटकोनात आहे. खालचा भाग स्पष्ट आणि माथा धूसर दिसत असेल तर डोकं कललेलं आहे. मग डावा-उजवा डोळा सारख्याच रुंदीचा दिसतोय का ते बघा. दोन्ही जमलं की तीनदा मोजा, दर वेळी माशी काढून पुन्हा लावून, आणि मधला आकडा घ्या. एका माशीवर जात ठरवू नका. त्याच गोठ्यातल्या निदान पाच मोजा. पाचांचे आकडे 5.4 ते 6.1 असे पसरले तर तो जातीतला नैसर्गिक फरक असू शकतो. तीन 4च्या आसपास आणि दोन 6च्या आसपास आले तर तुमच्याकडे बहुधा दोन जाती आहेत. आणि किल्ली लिहिणाऱ्याने रुंदी तळाशी घेतलीय की सर्वात अरुंद जागी, हे आधी वाचून घ्या. वर फाकणाऱ्या कपाळात जागा बदलली की आकडा चांगलाच बदलतो.

कपाळपट्टीच्या खाली, शृंगिकांच्या अगदी वर, एक छोटा त्रिकोणी उंचवटा असतो. तो भुकटीने मंद दिसतो की उघडा, चकचकीत आहे, हा प्रश्न बऱ्याच किल्ल्यांत येतो. इथे एक ठरावीक चूक होते. माशी अल्कोहोलमधून काढून लगेच भिंगाखाली धरली तर भुकटी ओली असते, उंचवटा चकचकीत दिसतो आणि किल्ली भलतीकडे नेते. शोषकागदावर ठेवून पूर्ण वाळू द्या, मग ठरवा.

शृंगिकेत तिसरा भाग बघायचा. त्याचं पहिलं पसरट पान आणि त्यावरचा वरच्या बाजूचा दात: तो नुसता कोपरा आहे, की पुढे झुकलेला काटा? पानाची लांबी त्याच्या उंचीच्या किती पट आहे? रंगही नोंदवा, पण कुठला भाग कुठल्या रंगाचा असं सुटं सुटं. कधीकधी रंगच पुरतो. ब्रिटनमधल्या हेमॅटोपोटा प्लुव्हिआलिस आणि हेमॅटोपोटा क्रॅसिकॉर्निस या जोडीत दुसरीची शृंगिका पूर्ण काळी असते, पहिलीच्या तिसऱ्या भागाचा बुंधा तांबूस. अशी सोय सगळीकडे नसते. सोंडेशेजारचे दोन फिकट स्पर्शकही असेच महत्त्वाचे: बुंध्याशी फुगीर होऊन पुढे निमुळते होतात की जवळजवळ सारखेच जाड राहतात, आणि पांढऱ्या लवेत काळे केस किती मिसळलेत. बाजूने काढलेल्या एका चांगल्या फोटोत शृंगिका आणि स्पर्शक दोन्ही येतात.

पंखात मी तीन ठिकाणं बघतो. पुढच्या कडेचा कप्पा पाण्यासारखा स्वच्छ आहे की तपकिरी छटेचा. टोकाकडच्या दुभंगणाऱ्या शिरेच्या वरच्या फांदीला, वळणापाशी, मागे जाणारी छोटी शेपटी फुटलीय का. ही शेपटी दोन्ही पंखांत तपासा. एका पंखात असून दुसऱ्यात नाही असं होतं, आणि तसं असेल तर त्या खुणेला वजन देऊ नका. तिसरं ठिकाण पंखाच्या अगदी मुळाशी: पुढच्या शिरेच्या बुडाशी एक छोटा खवला असतो, टॅबॅनसमध्ये त्यावर शिरेसारखेच दाट काळे केस असतात, हेमॅटोपोटात तो उघडा असतो. प्रजातीची खात्री करायला ही खूण फार कामाची आहे, पण 20 पटींच्या खाली दिसत नाही.

डोळ्यांचा विषय स्वतंत्र घ्यावा लागतो, कारण हा पुरावा काही तासांत नाहीसा होतो. जिवंत घोडमाशीच्या डोळ्यांवर हिरवे, जांभळे, तांबडे पट्टे दिसतात. हा रंग रंगद्रव्याचा नाही. डोळ्याच्या वरच्या पारदर्शक कवचातल्या पातळ थरांवरून प्रकाश परततो तेव्हा तो दिसतो. माशी वाळली की थर आकसतात आणि डोळा सपाट काळपट होतो. म्हणून माशी मिळाली की सर्वात आधी डोळ्यांचा फोटो. बाटलीतच ठेवून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात दहा मिनिटं ठेवा, मग पांढऱ्या कागदावर काढा. मिनिट-दोन मिनिटं ती हलत नाही. फ्लॅश वापरू नका, खिडकीचा उजेड पुरतो. पट्टे किती, ते मध्ये आहेत की खाली, आणि कपाळाच्या बाजूपासून बाहेरच्या कडेपर्यंत पोचतात का, हे नोंदवा.

वाळलेल्या माशीचे पट्टे बऱ्याचदा परत आणता येतात. झाकणाच्या डब्यात ओला कापूस, बुरशी धरू नये म्हणून थायमॉलचे दोन-तीन खडे, आणि माशी कापसाला न टेकता टाचणीवर उभी. 12 ते 24 तासांत कवच पाणी पितं आणि पट्टे दिसू लागतात. पट्ट्यांची संख्या आणि जागा यावर विश्वास ठेवा, रंगाच्या छटेवर ठेवू नका. छटा किती ओलावा शिरला त्यावर बदलते.

आता तुमच्या स्ट्रायॅटसबद्दल. कीटकशास्त्रज्ञ फॅब्रिशियसने 1787 साली हे नाव दिलं. त्यानंतर दोनशे वर्षं पूर्वेकडच्या देशांत तीन सलग पट्ट्यांची जी घोडमाशी मिळेल तिला हेच नाव चिकटत गेलं. 1981 साली जॉन बर्गर आणि ख्रिस्तियन थॉम्प्सन या कीटकशास्त्रज्ञांनी हा सगळा गट पुन्हा तपासला आणि या एका नावाखाली अनेक जाती दडल्या आहेत हे दाखवलं. पार्टिटस, ट्रायसेप्स, आग्नेय आशियातली मेगॅलॉप्स ही नावं या संदर्भात येतात. याचा रोजच्या कामावर थेट परिणाम होतो. 1981च्या आधीच्या लिखाणात, सर्ऱ्याच्या जुन्या अहवालांतसुद्धा, स्ट्रायॅटस असं छापलेलं असेल तर ते आज ‘स्ट्रायॅटस गटातली कुठलीतरी’ असंच वाचावं लागतं. नंतरच्या लिखाणातही नाव कशावरून दिलं ते सांगितलं नसेल तर तसंच. गर्ट्रूड रिकार्डो यांनी 1911 साली भारतासह पूर्वेकडच्या टॅबॅनस जातींची जी तपासणी प्रसिद्ध केली, ती आजही उपयोगाची आहे, पण या गटापुरती तिच्यावर थांबू नका.

या गटात कुठलीही एक खूण पुरत नाही. कपाळ, त्यावरचा डाग, शृंगिकेचं पान, स्पर्शक आणि पंखाची छटा अशा चार-पाच खुणा एकाच दिशेने बोट दाखवायला लागतात. तीन एकीकडे आणि दोन दुसरीकडे जात असतील तर तुमचं मोजमाप चुकलंय, किंवा किल्लीत नसलेली जात हाती आलीय. दोन्ही वेळा नाव द्यायचं नसतं. इतर कीटकांत असा पेच नराच्या जननेंद्रियांवरून सुटतो, म्हणून तेही लोक विचारतात. घोडमाश्यांत ते अवयव जातीजातींत बरेच सारखे असतात, आणि नर मुळात कमी मिळतात. फार आशा धरू नका. थायलंडमधल्या संशोधकांनी मेगॅलॉप्स, रुबिडस आणि स्ट्रायॅटस यांच्या पंखांच्या आकाराची गणिती तुलना करून पाहिली आहे. ती वाट चांगली आहे, पण तुलनेसाठी आधी खात्रीने ओळखलेल्या माश्यांचा साठा जवळ हवा.

डीएनएचंही तेच. बारकोडसाठी, म्हणजे डीएनएवरून जात ओळखायला, वापरतात तो जनुकाचा तुकडा 658 अक्षरांचा, आणि एका पायातून तो मिळतो. पण तुमचा तुकडा ज्या साठ्याशी जुळवायचा, त्यात ‘स्ट्रायॅटस’ म्हणून ठेवलेली माशी कुणी कपाळ पाहून ओळखली होती की पट्टे पाहून, हे बहुतेक वेळा कळत नाही. पाय 96 टक्के अल्कोहोलमध्ये थंड जागी ठेवा, आणि बाकीची माशी टाचणीवर जपून ठेवा. नुसता तुकडा उरला आणि माशी गेली तर पुढच्या माणसाला तपासायला काहीच राहत नाही.

पकडण्याबद्दल. ओळखीसाठी सर्वात चांगली माशी म्हणजे जनावरावर बसलेली असताना रुंद तोंडाच्या प्लॅस्टिकच्या बाटलीखाली पकडलेली. बाटली हळू खालून आणा, वरून सावली पडली की ती उडते. पुढचे पाय आणि पोटाचा खालचा भाग ही तिची आवडती जागा. मागच्या पायांकडे जाऊ नका, लाथ बसते. निळ्या-काळ्या कापडाचा न्झी सापळा (स्वाहिलीत न्झी म्हणजे माशी) संख्या भरपूर देतो आणि हंगाम कळायला उत्तम आहे, पण त्यातल्या माश्या झिजलेल्या निघतात. मारायला डीपफ्रीझर बरा, तिथे रात्रभर ठेवली की पुरे.

टाचायची ती त्याच दिवशी, मऊ असताना. कीटकांसाठीची 2 किंवा 3 नंबरची स्टेनलेस टाचणी घ्या. शिवणकामाच्या टाचणीला कोकणच्या हवेत एका पावसाळ्यात गंज चढतो आणि छाती फुटते. टाचणी छातीच्या मध्यरेषेच्या जरा उजवीकडून घाला. मधोमध घातली तर पाठीच्या मधल्या रेघा जातात, आणि त्या दुसऱ्या बाजूने पाहून भरून काढता येत नाहीत. पंख दोन्ही बाजूंना ओढून पोट उघडं करा. सोंड आणि स्पर्शक सुईने किंचित पुढे घ्या. मग सिलिका जेलच्या बंद डब्यात चार-पाच दिवस. जून ते सप्टेंबर उघड्यावर वाळवू नका, तिसऱ्या दिवशी बुरशी येते. डांबरगोळी कीड दूर ठेवते, बुरशी थांबवत नाही, त्यासाठी सिलिका जेल बदलत राहावं लागतं. डब्याखाली पाण्याची ताटली ठेवा. मुंग्या एका रात्रीत पोट पोकळ करतात.

टाचणीवर चिठ्ठी हवीच: गाव, तालुका, जिल्हा, अक्षांश-रेखांश, तारीख, कुठल्या जनावरावर, कुणी पकडली. दुसरी चिठ्ठी ओळखीची, तिच्यावर कुणी, कधी आणि कशावरून ओळखली ते. ‘कपाळाचा निर्देशांक 5.8, पाच माद्यांची सरासरी’ असं लिहिलेली चिठ्ठी नुसत्या नावापेक्षा कितीतरी जास्त सांगते.

तुमच्या दोन माश्यांपुरतं म्हणाल तर लहान माशीच्या दुसऱ्या फोटोत मधला पट्टा सलग दिसतो, तेव्हा तिच्या चिठ्ठीवर ‘टॅबॅनस, स्ट्रायॅटस गट, मादी’ लिहा. मोठीचा पट्टा लवेने झाकलेला आहे, सलग की त्रिकोणांचा ते कळत नाही. तिच्यावर ‘टॅबॅनस, मादी’ एवढंच. रुबिडस हे नाव दोघींपैकी कुणालाही अजून देऊ नका. माश्या फेकल्या नसतील तर दोघींचे चार-चार फोटो काढा: समोरून कपाळ, वर सांगितल्याप्रमाणे डागाची आणि माथ्याची कड दोन्ही स्पष्ट, बाजूने डोकं, वरून पूर्ण पोट, शेजारी आलेखाचा कागद, आणि उजव्या पंखाचं मूळ ते टोक. मोठीच्या पोटावर एका खंडावरची लव ओल्या कुंचल्याने हलकेच बाजूला करून आणखी एक फोटो घ्या, म्हणजे खालच्या कवचात पट्टा आहे की त्रिकोण हे तिथल्या तिथे कळेल.